पुसलेला निरोप

लोकांनी लिहिलेलं पुसायचं, हे बारा वर्षं माझं काम होतं. कुणी विचारलं तर मी कंपनीत आहे एवढंच सांगायची. पण आमच्या गल्लीतल्या महानंदाअक्कांचं एवढ्यावर भागत नसे. "कंपनीत म्हंजी काय करायलीस गं?" असं त्यांनी एकदा दारातच अडवून विचारलं. मी म्हटलं, "कचरा काढते, अक्का." त्यांनी माझ्या इस्त्रीच्या साडीकडे आणि खांद्यावरच्या पर्सकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत माझ्याविषयी फार हळहळ सुरू झाली. एवढी शिकली, अन् बघा नशीब.

मी खोटं बोलले नव्हते. गुलबर्ग्यात स्टेशनच्या बाजूला एका डाळीच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. कंपनी 'शेजारपाजार' नावाचं एक चर्चामंडळ चालवायची. मोबाइलवर उघडायचं, आपल्या गावाच्या पानावर जायचं आणि लिहायचं. तुरीला आज काय भाव निघाला, ज्वारीवर पाखरं किती पडलीत, बैलजोडी कुणाला विकायची आहे, मळणीचं मशीन कुठं रिकामं आहे. बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतली गावं, वर पलीकडची उमरगा-अक्कलकोटची. प्रत्येक मोठ्या गावाचं वेगळं पान. एका वाक्यात मराठी, कानडी आणि दखनी अशा तिन्ही भाषा सुखानं नांदायच्या.

अशी गजबज जिथं असते तिथं चिकटवणारे येतातच. नवीन रंगवलेल्या भिंतीवर पत्रकं लागतात तसंच. कुणीतरी सभासद होतो आणि दहा मिनिटांत सगळ्या पानांवर एकच जाहिरात डकवून जातो. तुम्हाला बक्षिसात गाडी लागली आहे, इथे बोट लावा. तुमचं खातं बंद होणार आहे, लगेच इथे बोट लावा. याला स्पॅम म्हणतात. ते शोधून काढून टाकायचं आणि टाकणाऱ्याला बाहेर काढायचं, याचा मला पगार मिळायचा. पदाचं नाव होतं मजकूर तपासनीस. सभासद मला पुसणाऱ्या मॅडम म्हणत.

ओळखायचं कसं, असं नवीन माणसं विचारत. चार खुणा बघायच्या. लिहिणारा आजच सभासद झालाय का? एकच मजकूर अनेक पानांवर आहे का? फोन नंबर किंवा दुवा आहे का? आणि घाई लावलीय का, म्हणजे ताबडतोब, आजच, चार वाजायच्या आत? चारही जुळलं की डोळे मिटून पुसायचं.

पुण्याच्या साहेबांनी मध्येच एक यंत्र आणून बसवलं. ते म्हणे आपोआप कचरा ओळखतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं आमची निम्मी खरी माणसं उचलून बाहेर फेकली. "अण्णा, तुरीला नीर सोडायलाव का, जरा देखके सोडो" असं कुणी लिहिलं की यंत्राला ती मोडकी भाषा वाटायची, आणि मोडकी भाषा म्हणजे परदेशी लबाड. मी साहेबांना फोनवर सांगितलं, तुमचं यंत्र उलटं आहे. आमच्याकडे ज्याची भाषा मोडकी तो आपला. लबाडाची मराठी एकदम स्वच्छ असते, "आमच्या सेवेचा आनंद घ्या" म्हणते. आमच्या भागात आनंद होतो, कुणी तो घेत बसत नाही. साहेब हसले आणि यंत्र बंद झालं.

या गोष्टीची मला भारी घमेंड होती. आमच्या घरात मेंढरं होती. माझ्या आजोबांना तीनशे मेंढरांत परकं एखादं घुसलं तर लांबूनच कळायचं. तोच डोळा माझ्याकडे आलाय असं मी मनोमन धरून चालले होते.

डोळा चांगलाच होता, पण जीभ वळवळायची. वशीकरण करणारा एक बाबा रोज नव्या नावानं यायचा. प्रेमविवाह, सासूचा जाच, कोर्टकचेरी, सगळ्यावर चोवीस तासांत 'समादान'. नाव बदलो, फोटो बदलो, समादान काही सुटायचं नाही. त्यावरून मी त्याला पाच सेकंदांत पकडायची. एक दिवस मला राहवलं नाही. बाहेर काढता काढता त्याला लिहिलं, "समाधान असं लिहितात. ध चा द करू नये." लगेच उत्तर आलं, "थँक्स मॅडम. माझं कन्नड मीडियम झालंय." त्यानंतर त्यानं इतकं शुद्ध लिहायला सुरुवात केली की पुढचा महिनाभर मला तो सापडेना. साहेबांनी विचारलं, हल्ली एवढे बाबा कसे सुटतात? मी म्हटलं, बघते.

हे सगळं हसून सांगता येतं. पुढचं तसं सांगता येत नाही, आणि खरं तर या अंकाच्या संपादकांनी लिहाल का म्हणून विचारलं तेव्हा तेच एक डोळ्यासमोर आलं.

तुरीची मळणी जोरात चालू होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात खोट्या अपघातांची आणि खोट्या मरणांची साथच आली होती. कुणाच्या तरी म्हातारीचा फोटो, दुःखद बातमी, मदतीचं आवाहन, खाली दुवा. दोघं-तिघं फसले होते. त्यावर उपाय म्हणून मीच साहेबांच्या मागे लागून एक नियम करून घेतला होता. कुणीही फोन नंबर लिहिला तर पानावर त्याच्या जागी ठिपके दिसायचे.

सकाळी अकराच्या सुमाराला जनवाड्याच्या पानावर मजकूर आला. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमच्या मातोश्री गंगाबाई यांचे आज पहाटे निधन झाले आहे." तोच मजकूर भालकीच्या पानावर, हुमनाबादच्या, आळंदच्या. दहा मिनिटांत अठ्ठावीस पानं. सभासद त्याच सकाळी झालेला. ठिपके झालेला नंबर. दुपारी चारच्या आत ताबडतोब यावे, असा मजकूर. आणि मराठी कशी, तर धुऊन इस्त्री केलेली.

मी पुढचं वाचलं नाही. एक कळ दाबली की त्या माणसाचं सगळं लिखाण एकदम जायचं. गेलं. अर्ध्या तासानं तोच मजकूर दुसऱ्या नावानं अठ्ठावीस पानांवर. आला का परत, असं मी मोठ्यानं म्हटलं आणि तोही पुसला. मला त्यात मजा वाटली, हे लिहायलाच पाहिजे.

मधल्या वेळेत एका सभासदाचा मला निरोप आला होता. गौतम मशीनवाला असं नाव होतं. "मॅडम जनवाड्याचं एक आत्ता दिसत होतं ते गेलं. ते खरं हाय का खोटं." असे प्रश्न दिवसाला पन्नास यायचे. त्यांच्यासाठी तयार उत्तर होतं, नुसतं बोट लावायचं. मी लावलं. उत्तर गेलं, "सदर मजकूर बनावट असल्याने काढून टाकण्यात आला आहे. कृपया विश्वास ठेवू नये."

साडेपाचला जनवाड्याच्या एकाच पानावर तिसरा निरोप उमटला.

"ओ कोन पुसायलाव ते. माय गेली माझी. सकाळधरनं सांगायलोय. कामून पुसायलाव? चारला नेयाचं होतं, दादासाठी थांबलाव. आता दिस बुडायलाय."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, हे सांगायला आजोबांचा डोळा लागत नव्हता. मी पुसलेलं सगळं परत आणलं आणि तो मजकूर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. शेवटची ओळ होती, "दादा, असशील तेथून निघून ये. अशोक."

झाकलेला नंबर मला दिसत होता. मी फोन लावला. मी कोण ते सांगितलं, काय केलं ते सांगितलं. अशोक एका शाळेत शिपाई होते. पलीकडे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुमची काय चूक," ते थकलेल्या आवाजात म्हणाले. "पर एकच एवढ्या जागी कामून लिवलं, म्हनून पुसलाव ना? आमच्यात मैतीचं एका दारात सांगून चालत न्हाई. दर दाराला जाऊन, भायेर उभारून सांगावं लागतंय. सांगितलं न्हाई म्हनलं की मानूस येत न्हाई. दादा मशीन घेऊन कोन्त्या गावात हाय ठाव न्हाई. म्हनून समद्या गावांच्या दारांत सांगितलो."

"आणि भाषा?" मी विचारलं. काय विचारते आहे हे माझं मलाच कळत नव्हतं.

"शाळेतल्या सरांकडनं लिवून घेतलो. मायचं हाय, नीट पायजे म्हनून."

पुढची हकीकत त्यांनी तुटक तुटक सांगितली. अकरा वर्षांपूर्वी अशोकच्या मुलीचं लग्न होतं. धावपळीत दादाची पत्रिका त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवली, स्वतः दारात गेले नाहीत. दादा लग्नाला आला नाही, आणि पुढे घरीच यायचा बंद झाला. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. मळणीचं मशीन घेऊन गावोगाव फिरायचा. फोन नंबर कधीचा बदललेला. मशीन कुठं पाहिजे ते बघायला तो 'शेजारपाजार' उघडतो, एवढं अशोकना कुणाकडून तरी कळलं होतं. कुठल्या नावानं, कुठल्या पानावर, ते माहीत नव्हतं.

"तुमच्या दादांचं नाव काय?" मी विचारलं.

"गौतम."

मग गौतम मशीनवाला या नावाची नोंद उघडली. नोंदणीचा नंबर बंद होता. निरोप पाठवला, "तातडीनं या नंबरवर फोन करा." मरणाची बातमी लिहून पाठवायला माझा हात होईना. एकदा मी त्याला एका ओळीत खोटं सांगितलं होतं. खरं तरी तोंडानं सांगावं, असं वाटलं. तो निरोप कुणी उघडला नाही. साडेसहाला अशोकचा फोन आला, "नेताव आता."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, की दादांनी निरोप वाचला होता, मला विचारलं होतं, आणि मीच खोटं म्हणून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "त्याची बाजू घेऊ नका मॅडम. येयाचं आसलं की मानूस येतंय."

दोन दिवस मी दर तासाला तो निरोप बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आळंदजवळच्या एका गावातून. मागे मशीनची घरघर. "मॅडम, तुमी फोन करा म्हनलाव. मशीन कुटं पायजे?"

मी उभी राहिले आणि सांगितलं. ऑफिसात बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. घरघर थांबली. मग तो म्हणाला, "मी निघालतो, मॅडम. आळंदला बसमदी चढलतो. बसमदी पुन्ना बगितलं तर गेलतं ते. मंग तुमाला इचारलो. तुमी खोटं म्हनलाव. उतरलो."

मी विचारलं, आईचं नाव होतं, भावाचं होतं, गावाचं होतं, तरी खोटं कसं वाटलं?

"गंगाबाई गावोगाव हायत, अशोक बी गावोगाव हायत. जनवाड्यात बी दोन-तीन निगतील. अन् खोट्या निरोपावर अकरा वर्सांनी दारात जाऊन उभारलो आसतो, तर भावानं काय म्हनलं आसतं? तुमी खोटंच पुसता म्हनून तर आमी हितं येताव, मॅडम. तुमी पुसलाव म्हंजी खोटंच."

बारा वर्षांत माझ्या कामाची एवढी तारीफ दुसऱ्या कुणी केली नाही, आणि ती मला जन्मभर पुरेल.

लोक विचारतात, मग नोकरी सोडली का? नाही सोडली. पुढेही चार वर्षं केली. त्या तयार उत्तरातलं 'बनावट' मी काढायला लावलं, आणि मरणाचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पुसायचा नाही असा नियम केला. त्यामुळे काही लबाड सुटले. काही माणसं त्यामुळे फसलीही असतील. दोन्ही बाजूंनी कुणाचं तरी नुकसान होणारच, असं ते काम आहे, आणि हे मला एवढ्या उशिरा कळलं याची लाज वाटते.

गौतम गावी जायला तयार होईना. "कोन्त्या तोंडानं जाऊ? मातीला न्हवतो." तिकडे अशोक ऐकून घेईनात. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाला सगळ्यांनी मिळून आठवायचा दिवस जवळ आला तेव्हा मी गौतमला म्हटलं, "तुम्ही एकटे जाऊ नका. मी येते. मलाही तिथं काम आहे." गुलबर्ग्याच्या स्टँडवर आम्ही पहिल्यांदा एकमेकांना बघितलं. उंच, काळा, तुरीच्या भुसानं कायमचे लाल झालेले डोळे. पांढरा शर्ट नवा होता, घड्या तशाच. जनवाड्याला उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुमी म्होरं व्हा."

अंगणात मांडव होता. वंदना झाली होती, पंचशील झालं होतं. फोटोला पांढऱ्या फुलांचा हार. गावातली माणसं सतरंजीवर बसलेली. एकेक जण उठून गंगाबाईंविषयी बोलत होता. गौतम मांडवाच्या बाहेरच उभा राहिला. माणसांच्या माना वळल्या. अशोक पुढे, फोटोजवळ बसले होते. त्यांनी बघितलं आणि मान फिरवली.

मी हात वर केला आणि दोन मिनिटं बोलू का, म्हणून विचारलं. आयुष्यात मी माईकसमोर कधी उभी राहिले नव्हते. म्हटलं, "मी गंगाबाईंना ओळखत नव्हते. त्यांच्या मरणाचा निरोप पुसणारी बाई मी." मांडवात कुजबुज झाली. पर्समधून मी कागद काढला. त्या दिवसाच्या नोंदी छापून आणल्या होत्या. वाचून दाखवलं. अकरा वाजून चौदा मिनिटं, गौतम मशीनवाला यांनी आळंदच्या पानावर निरोप उघडला. अकरा पन्नासला पुन्हा तेच पान उघडलं, निरोप नव्हता. अकरा बावन्नला त्यांनी मला विचारलं, ते खरं हाय का खोटं. मग माझं उत्तर वाचायची वेळ आली. "सदर मजकूर बनावट असल्याने" इथपर्यंत गेले आणि थांबले. पाणी पिऊन पुरं वाचलं. म्हटलं, "ते बसमध्ये बसले होते. मी उतरवलं. दोष द्यायचा तर मला द्या. जय भीम." आणि खाली बसले.

अशोक उठले, चालत मांडवाच्या कडेला गेले. दोन भावांच्या मध्ये फक्त बांबू होता.

"बसमदी बसलतास?" अशोकनी विचारलं.

"व्हय."

"अन् मंग उतरलास."

"खोटं हाय म्हनले."

"मंग दोन दिस काय केलास?"

गौतमनं खाली बघितलं. "मशीन चालवलो. खुशीत होतो. माय हाय म्हनून. त्या बातमीनं लई भ्यालतो, मंग ठरवलतो, एवढी रास उरकली की येयाचं. तू बोल न्हाई तर न्हाई, मायला बगून जायाचं. तिला साडी बी घेटलतो."

अशोक त्याच्याकडे बघत राहिले. रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

"म्हंजी तुझी माय माझ्या मायपरीस दोन दिस जास्ती जगली की रे, दादा," ते म्हणाले, आणि दंडाला धरून त्याला आत घेतलं.